'ओन्ली' आणि 'च' : एका इंग्रजी क्रियाविशेषणाचा विचार

इंग्रजी भाषेतील 'ओन्ली' हा शब्द आकाराने लहान आहे आणि शाळेतील मुलासही तो परिचित असतो. कोशात त्याचा अर्थ एका ओळीत आटोपतो. 'फक्त', 'केवळ', 'मात्र' असे तीन प्रतिशब्द दिले की कोशकाराचे कर्तव्य संपले असे आपण मानतो. परंतु मराठी विद्यार्थी ज्या थोड्या इंग्रजी शब्दांच्या बाबतीत जन्मभर चुकत राहतो, त्यांत या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. 'आय लिव्ह हिअर ओन्ली', 'ही इज लाइक दॅट ओन्ली', 'आय डिड नॉट गो ओन्ली' ही वाक्ये आपल्या कानांवर रोज पडतात. उत्तरपत्रिकेत ती आढळली की शिक्षक तांबड्या शाईची रेघ ओढतो आणि समासात लिहितो : 'ओन्ली'ची जागा चुकली. अशा रेघा आम्हीही पुष्कळ ओढल्या आहेत. आज त्या रेघांविषयी आमच्या मनात संशय उत्पन्न झाला आहे, आणि तो या लेखाच्या रूपाने अध्यापकवर्गापुढे ठेवावा असे वाटते.

वरील वाक्ये प्रमाण इंग्रजीच्या दृष्टीने चुकीची आहेत याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो निदानाविषयी. या वाक्यांतील चूक शब्दाच्या जागेची नाही, अर्थाची आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. या अर्थाचे विवेचन इंग्रजी व्याकरणांपेक्षा आपल्याच शास्त्रकारांनी अधिक सूक्ष्मपणे करून ठेवले आहे, हेही येथे दाखवावयाचे आहे.

१

प्रथम शब्दाचे कुळ पाहू. 'ओन्ली' हा जुन्या इंग्रजीतील 'आन्लिक्' या शब्दाचा वंशज होय. त्याचा पूर्वभाग म्हणजे 'वन', अर्थात 'एक'. उत्तरभाग म्हणजे 'सारखा' हा अर्थ दाखविणारा प्रत्यय. तेव्हा 'ओन्ली' म्हणजे मुळात 'एकासारखा', एकमेव. 'ऑल' आणि 'वन' यांच्या संयोगाने झालेला 'अलोन' हा त्याचा भाऊबंदच म्हणावयाचा. आजही 'ओन्ली सन' म्हणजे एकुलता एक मुलगा, या विशेषणरूप प्रयोगात हा मूळ अर्थ शाबूत आहे. क्रियाविशेषण म्हणून पुढे जो अर्थ रूढ झाला तो याच बीजातून उगवला : हे एक, बाकीचे नाही. इतरांना बाहेर ठेवणे हा 'ओन्ली'चा पिंडधर्म आहे.

या धर्मातून काही पोटअर्थ फुटले. 'ओन्ली फाइव्ह रुपीज' म्हणताना अधिक रकमेचे निवारण होते, आणि त्याबरोबरच ती रक्कम थोडी असल्याची सूचनाही होते. 'ही इज ओन्ली अ क्लार्क' यात तर संख्येचा संबंधच उरत नाही. वरच्या पायऱ्या वगळून माणसाला खालच्या पायरीवर उभे केलेले असते. येथे आपला 'नुसता' किंवा 'साधा' हा शब्द उपयोगी पडतो, 'फक्त' पडत नाही. 'इफ ओन्ली' या जोडीतून हळहळ व्यक्त होते. मराठीत तिचे काम 'असते तर!' या क्रियारूपावरच भागते. 'ओन्ली टू ग्लॅड' या प्रयोगात मात्र अर्थ जवळजवळ उलटतो, आणि न्यूनतेऐवजी आनंदाचा अतिरेक दिसतो.

सर्वांत मनोरंजक प्रयोग उभयान्वयी अव्ययाचा आहे. 'मी आलो असतो, पण प्रकृती ठीक नाही' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात 'पण'च्या जागी 'ओन्ली' येऊ शकतो. 'केवळ' या अर्थाचा शब्द 'परंतु' या अर्थापर्यंत कसा पोहोचला, असे इंग्रजी वाचकाला नवल वाटत असेल. मराठी वाचकाला वाटू नये. कारण आपल्या 'मात्र' या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. संस्कृतात 'मात्र' म्हणजे परिमाण, माप. 'तेवढ्याच मापाचे' यातून 'केवळ' हा अर्थ आला, आणि 'भाऊ आला, बहीण मात्र आली नाही' या वाक्यात तो विरोधदर्शक झाला. दोन दूरच्या भाषांतील दोन शब्द एकाच वाटेने चालावेत, यावरून निवारण आणि विरोध या कल्पना मनुष्याच्या मनात किती लगत वसतात हे ध्यानात येईल.

२

आता जागेच्या प्रश्नाकडे वळू. 'ओन्ली' ज्या शब्दाला मर्यादित करतो त्याच्या लगतच तो ठेवावा, असा दंडक इंग्रजी व्याकरणात दीर्घकाळ सांगितला जातो. ज्यांचे व्याकरण १७६२ साली प्रथम प्रसिद्ध झाले त्या रॉबर्ट लाउथ यांनी, लोक बोलताना हा शब्द क्रियापदाजवळ ओढतात, अशी तक्रार नोंदविली आहे. शाळामास्तरांनी पुढे या तक्रारीचा नियम केला. १९२६ साली फाउलर यांनी आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात या नियमाची कड घेणाऱ्यांना चांगलेच खडसावले. अर्थाचा घोटाळा होत नसेल तर 'ओन्ली'ने आपल्या सवयीच्या जागी, म्हणजे क्रियापदाच्या आधी, खुशाल बसावे असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. १९८५ साली क्वर्क आणि त्यांचे तीन सहकारी यांनी सिद्ध केलेल्या बृहद्‌व्याकरणात तर या शब्दाला सामान्य क्रियाविशेषणांच्या पंक्तीतून उठवून, वाक्यातील एखाद्या भागावर लक्ष केंद्रित करणाऱ्या शब्दांच्या वेगळ्या वर्गात बसविले आहे. हे योग्यच झाले. जो शब्द नामाला, संख्येला, काळाला, क्रियेला, किंबहुना संपूर्ण वाक्यखंडालाही मर्यादा घालू शकतो, त्याला क्रियाविशेषण म्हणणे ही निव्वळ सोय होती.

बोलताना इंग्रजाला जागेची अडचण भासत नाही, कारण आवाजाचा आघात ते काम करतो. लेखनात आघात दिसत नाही आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. एखाद्या वाचनालयाच्या दारावर 'मेंबर्स मे ओन्ली बॉरो टू बुक्स ऑन मंडेज' अशी पाटी आहे असे समजा. यातील 'ओन्ली' कोणाला बांधतो? पुस्तकांच्या संख्येला, की वाराला? की पुस्तके उसनी न्यावी, इतर काही करू नये, असे सांगावयाचे आहे? इंग्रजी वाचक व्यवहारज्ञानाने अर्थ लावील. वाक्य त्याला मदत करणार नाही.

हीच पाटी मराठीत लिहून पाहावी. 'सभासदांनाच सोमवारी दोन पुस्तके नेता येतील', 'सभासदांना सोमवारीच दोन पुस्तके नेता येतील', 'सभासदांना सोमवारी दोनच पुस्तके नेता येतील'. वाक्ये तीन, अर्थ तीन, आणि एकातही संदेह नाही. 'च' हे अव्यय ज्या शब्दाला लागते त्याच्या पाठीला असे चिकटते की त्याला दुसरीकडे पाहण्याची मुभाच राहत नाही. आपल्या व्याकरणांत त्याची गणना शुद्ध शब्दयोगी अव्ययांत होते. शब्दाचे सामान्यरूप न करता ते सरळ जोडले जाते.

येथवर मराठीची सरशी झाली असे कोणी म्हणेल. परंतु चौथे वाक्य करून पाहावे : 'सभासदांना सोमवारी दोन पुस्तके नेता येतीलच'. येथे कोणाचेच निवारण होत नाही. मिळते ते आश्वासन. 'च' तोच आहे, त्याचे चिकटणेही तसेच आहे. अर्थ मात्र जातीनेच बदलला. 'ओन्ली' क्रियापदाला लागला तर इतर क्रियांचे निवारण करतो. 'च' क्रियापदाला लागला तर ती क्रिया खात्रीने घडणार असे सांगतो. 'ही ओन्ली स्लेप्ट' म्हणजे 'तो नुसता झोपला'. 'तो झोपलाच' म्हणजे जे होऊ नये असे वाटत होते तेच झाले. या एका जोडीत सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे.

३

ही किल्ली आपल्याकडे फार पूर्वी घडविली गेली आहे. संस्कृतातील 'एव' या निपाताचा अर्थ अवधारण, म्हणजे निश्चय. पण निश्चय कशाचा? सातव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांनी 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात या प्रश्नाचा छडा लावला. 'एव' नेहमी कशाचे तरी निवारण करतो, परंतु कशाचे करतो हे तो कोणत्या पदाला लागला यावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. ही व्यवस्था पुढील शास्त्रकारांनीही स्वीकारली. तिचे तीन प्रकार त्यांच्याच उदाहरणांना मराठी पेहराव देऊन असे सांगता येतील.

'चैत्र धनुर्धरच आहे.' येथे 'च' विधेयाला लागला. चैत्राचा धनुर्विद्येशी संबंध नाही, या शंकेचे निवारण झाले. इतर कोणी धनुर्धर नाहीत असे येथे म्हटलेले नाही. याला अयोगव्यवच्छेद म्हणतात.

'पार्थच धनुर्धर आहे.' येथे 'च' उद्देश्याला लागला. पार्थाखेरीज दुसऱ्या कोणाचा तसा संबंध आहे, या कल्पनेचे निवारण झाले. हा अन्ययोगव्यवच्छेद.

'निळे कमळ असतेच.' येथे 'च' क्रियापदाला लागला. कमळ निळे कधी नसतेच, असा जो आत्यंतिक नकार, त्याचे निवारण झाले. हा अत्यंतायोगव्यवच्छेद.

नावे भारदस्त आहेत. आशय अगदी रोजच्या बोलण्यातला आहे. 'तो तसाच आहे' हा पहिला प्रकार. 'तोच आला' हा दुसरा. 'तो येणारच' आणि 'मी गेलोच नाही' ही वाक्ये तिसऱ्याच्या घरची. आपले 'च' हे अव्यय प्राकृताच्या द्वारे आपल्यापर्यंत आले आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात अवधारणार्थक म्हणून जी प्राकृत अव्यये नोंदविली त्यांत 'चेअ', 'चिअ', 'च्च' यांचा समावेश आहे. ज्ञानेश्वरीच्या भाषेत तेच 'चि' या रूपाने वावरते. 'एव'ची तिन्ही कामे या वंशाने आजवर सांभाळली आहेत.

'ओन्ली'ला मात्र यांपैकी एकच काम ठाऊक आहे, ते दुसरे : अन्ययोगव्यवच्छेद. हा शब्द 'एकासारखा' या अर्थातून जन्मला. इतरांना दाराबाहेर काढणे हे त्याला सहज साधते. पण 'संबंध नाही असे समजू नका' किंवा 'असे कधी होतच नाही म्हणू नका' हे सांगणे त्याच्या स्वभावात नाही. त्या कामांसाठी इंग्रजीने निराळी माणसे नेमली आहेत. पहिल्या कामाला 'व्हेरी', 'जस्ट', 'राइट हिअर'मधील 'राइट', आणि प्रसंगी 'इटसेल्फ'. तिसऱ्याला साहाय्यक 'डू', 'सर्टनली', 'इनडीड', आणि नकारात 'ॲट ऑल'.

४

आता आरंभीची तीन वाक्ये पुन्हा पाहावी. 'आय लिव्ह हिअर ओन्ली' म्हणणाऱ्याला सांगावयाचे आहे 'मी इथेच राहतो', म्हणजे लांब राहत असेन असे समजू नका. हा अयोगव्यवच्छेद. इंग्रज ऐकणारा मात्र, या माणसाचे दुसरे घर कोठे असण्याची शंका कोणी काढली होती, असा विचार करीत राहतो. 'लाइक दॅट ओन्ली' म्हणजे 'तसाच'. पुन्हा तोच प्रकार. 'डिड नॉट गो ओन्ली' म्हणजे 'गेलोच नाही'. तेथे इंग्रजीला 'ॲट ऑल' हवे. तिन्ही वाक्यांतील 'ओन्ली' उचलून क्रियापदाच्या आधी ठेवला तर वाक्ये सुधारत नाहीत, उलट अधिक बिघडतात. 'आय ओन्ली लिव्ह हिअर' या वाक्याचा अर्थ 'मी येथे फक्त राहतो, बाकी येथल्या गोष्टींशी माझा संबंध नाही' असा होईल. समासात 'जागा चुकली' असे लिहिणारा शिक्षक विद्यार्थ्याला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकतो.

शिवाय शेवटी येणारा 'ओन्ली' इंग्रजीला अगदीच परका आहे असेही नाही. 'लेडीज ओन्ली', 'मेंबर्स ओन्ली' या पाट्यांवर तो शेवटीच असतो. धनादेशावर अक्षरी रकमेच्या शेवटी तो असतो, तसाच मराठीत तेथे 'फक्त' असतो : रुपये पाचशे फक्त. या सर्व ठिकाणी जागा शेवटची असूनही कोणी हसत नाही, कारण अर्थ अन्ययोगव्यवच्छेदाचाच आहे. म्हणजे खटकते ती जागा नव्हे.

हा प्रकार एकट्या मराठी माणसाचा नाही, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना सांगावयास नको. बडोद्याच्या मराठी घराबाहेर पडावे तो कानी येणारा गुजराती 'ज', इंदूर-ग्वाल्हेरच्या रस्त्यावरील हिंदी 'ही', बेळगावच्या बाजारातील कन्नड 'ए', हैदराबादेतील तेलुगू 'ए', गोव्यातील कोंकणीचा 'च', हे सारे शब्दाच्या मागून येऊन त्याला चिकटणारे निश्चयवाचक आहेत. यांत आर्यकुळातील भाषा आहेत तशा द्राविडीही आहेत. इतक्या भाषांनी एकच रीत धरली असल्यावर त्या बोलणाऱ्यांच्या इंग्रजीत 'ओन्ली'ने शब्दामागे जाऊन बसावे यात आश्चर्य कसले? अलीकडील भाषाशास्त्राने हा प्रयोग चूक म्हणून टाकून दिलेला नाही. क्लाउडिया लांगे यांच्या भारतीय बोली इंग्रजीच्या वाक्यरचनेवरील २०१२ च्या ग्रंथात त्याचा पद्धतशीर विचार झाला आहे.

साहित्यातही या 'ओन्ली'ने प्रवेश केला आहे. निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांची मिस पुष्पा टी. एस. हिच्या निरोपसमारंभावरील कविता आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकविली असेल. तीत भारतीय इंग्रजीचे नमुने विनोदासाठी एकत्र गुंफले आहेत, आणि काम सांगताच पुष्पा काय म्हणे हे सांगताना कवीने 'आत्ता' या अर्थाच्या शब्दांमागे 'ओन्ली' ठेवला आहे. या ठिकाणी इंग्रजी वाचक हसतो. मराठी वाचकाच्या मनात मात्र त्याच क्षणी 'आत्ताच' हा शब्द उमटतो, आणि 'आत्ताच करते' यात हसण्यासारखे काही नाही. त्यात तत्परता आहे, समोरच्याविषयी आदर आहे. इझिकेल बेने इस्राएल समाजातले, मुंबईचे. इंदिरा संत यांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा सहभाग होता. 'आत्ताच' त्यांना ऐकू आला नसेल असे आम्हांस वाटत नाही. म्हणून या कवितेत केवळ टवाळी आहे असे म्हणणारे आणि केवळ माया आहे असे म्हणणारे, दोघेही तिचा अर्धा भागच वाचतात. तिचे बळ असे की तिला दोन कान लागतात : एका कानाला शब्द चुकीचा लागतो, दुसऱ्याला त्यामागचा शब्द बरोबर लागतो. हसू आणि ओशाळलेपणा एकदमच येतात ते त्यामुळे. वर्गात ही कविता शिकविताना निव्वळ हशा पिकवून पुढे जाणे, हा कवितेवर आणि समोर बसलेल्या मुलांवर सारखाच अन्याय होय.

५

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'च'चा इंग्रजीवर झालेला परिणाम सर्वांना दिसतो. 'ओन्ली'चा मराठीवर होत असलेला परिणाम आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजीवरून घाईने केलेल्या मराठी मजकुरात 'च' मागे पडत आहे आणि त्याची जागा वाक्याच्या तोंडाशी बसविलेला 'फक्त' घेत आहे. 'तो कालच आला' ऐवजी 'तो फक्त काल आला' असे लिहिले जाते. पहिल्या वाक्याचा अर्थ, त्याला येऊन फार वेळ झालेला नाही. दुसऱ्याचा, इतर दिवशी तो आला नाही. वस्तुतः 'फक्त' हा अरबीतून फार्सीच्या द्वारे आलेला शब्द 'एवढेच, अधिक नाही' असे म्हणून रेघ ओढणारा आहे. उर्दू पत्राच्या अखेरीस 'फकत' लिहून मजकूर संपविण्याची जुनी चाल होती. रकमेपुढे तो शोभतो तोही त्यामुळेच. जेथे मर्यादेची रेघ ओढावयाची तेथे त्याने जरूर यावे. पण 'च'ची तिन्ही कामे त्याच्यावर सोपविली तर दोन कामे बुडतील.

तीच गोष्ट 'न केवळ पुण्यात तर मुंबईत देखील' अशा वाक्यारंभाची. इंग्रजीतील जोडप्रयोग आणि हिंदीतील त्याचा अवतार यांच्या मधोमध ही रचना उभी आहे. मराठीला 'पुण्यातच नव्हे, तर मुंबईतही' अशी स्वतःची, सुटसुटीत आणि कानाला गोड वाट असताना ही आडवाट का धरावी? हिंदीच्या सहवासात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे.

'फक्त तूच' यासारख्या प्रयोगात पुनरुक्ती होते, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. 'फक्त तू ये' यात इतरांची संख्या वगळली जाते. 'तूच ये' यात तुझ्या जागी दुसरा चालणार नाही असा आग्रह आहे. दोन्ही सांगावयाचे असेल तर दोन्ही शब्द यावेत. एकच सांगावयाचे असताना दोन्ही वापरणे हा मात्र दोष.

६

या विवेचनातून अध्यापकाने घ्यावयाचे ते थोडके आहे. 'ओन्ली' कोठे ठेवावा हा प्रश्न दुसरा. 'तुझ्या मनातील "च" कोणता?' हा पहिला. इतरांना वगळावयाचे असेल तर 'ओन्ली' खुशाल वापर, आणि लेखनात तो त्या शब्दाजवळ ठेव. वगळावयाचे नसून ठासून सांगावयाचे असेल तर इंग्रजीने त्या कामासाठी ठेवलेला दुसरा शब्द शोध. सातव्या-आठव्या इयत्तेतील मुलालाही हे समजते. त्यासाठी संस्कृत पारिभाषिक शब्द पाठ करण्याची गरज नाही. 'तसाच', 'तोच' आणि 'येणारच' ही तीन उदाहरणे पुरेत.

दोन भाषांत वाढणारे मूल जेव्हा 'हिअर ओन्ली' म्हणते तेव्हा त्याने बेपर्वाईने शब्द फेकलेला नसतो. त्याच्या मातृभाषेत जो बारकावा आहे तो परभाषेत नेण्यासाठी त्याला दुसरे साधन सापडलेले नसते, इतकेच. त्याच्या वाक्यावर रेघ ओढताना हा बारकावाही खोडला जाणार नाही, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे. मुलाला इंग्रजी बिनचूक यावे ही आपली जबाबदारी आहेच; पण ते शिकताना आपल्या 'च'ची त्याला लाज वाटू लागली, तर एका अव्ययापेक्षा पुष्कळ अधिक गमावले असे होईल.